पुस्तकाबरहुकूम जेवण

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नाही पण ज्यांना दिवसातून दोनदा भूक लागते अशा सर्वांनाही, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की नाशिक शहर आणि पंचक्रोशीत स्वयंपाक करण्याचे काम आता संपुष्टात आले आहे. यापुढे येथे फक्त स्वयंपाकाविषयी पुस्तके लिहिली जातील. ती वाचून ज्यांचे पोट भरणार नाही, त्यांनी आपापली सोय पाहावी.

हसू नका. गेल्या काही वर्षांत खाण्यापिण्यावर जी नवी पुस्तकं निघाली आहेत, त्यातली ढीगभर मी वाचली आहेत. विकत घेऊन नव्हे, एवढा मी वाया गेलेलो नाही. माझ्या शाळेपासूनच्या मित्राच्या घरी, त्याच्या बायकोच्या कपाटातून काढून, तिच्याच हातचा चहा पीत आणि तिच्याच देखत त्या पुस्तकांची टिंगल करत वाचली आहेत. हा माझा रविवार सकाळचा कार्यक्रम. तो बरीच वर्षं चालला आणि त्याचे परिणाम काय झाले, तेच मी आज सांगायला बसलो आहे.

आधी पुस्तकांबद्दल. पूर्वी पाककृतीचं पुस्तक स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे असायचं. त्याला हळदीचा वास यायचा. आताचं पुस्तक उचलायला दोन हात लागतात, म्हणजे ढवळायला हात उरत नाही. आत फोटो. काळ्या लाकडी फळीवर गोणपाटाचा तुकडा, त्यावर एक मिरची, मिरचीवर उजेड. पदार्थ कुठाय? पदार्थ पुढच्या पानावर, अर्धा कापलेला. आणि साधी कोथिंबिरीची चटणी करायची म्हटलं तरी आधी लेखिकेच्या बालपणात जाऊन यावं लागतं. तिथे एक अंगण असतं, अंगणात ऊन असतं, उन्हात एक मावशी बसलेली असते. मावशी काहीतरी निवडत असते आणि निवडता निवडता जीवनाविषयी बोलत असते. कोथिंबीर येईपर्यंत इकडे तव्यावरची भाकरी करपून कोळसा होते.

मिसळीवर एक पुस्तक निघालं. त्यात म्हटलं होतं की मिसळ हा खाणाऱ्याशी चाललेला एक संवाद आहे. मी जन्मभर नाशकात मिसळ खातो आहे. ती माझ्याशी फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते.

नागलीवरच्या, म्हणजे नाचणीवरच्या, पुस्तकात भाकरीवर अवोकाडो होतं. तो फोटो मी आमच्या ऑफिसातल्या सुरगाण्याच्या एका सहकाऱ्याला दाखवला. त्यानं बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाला, “भाकर झकास हाय. तिच्यावर हे हिरवं कोणी सांडलं?”

आणि वाईन! आमच्याकडे द्राक्षं आहेत, त्यामुळे वाईनवर लिहिणाऱ्यांना काही बंधनच उरलेलं नाही. एका पुस्तकात लिहिलं होतं, “या वाईनमध्ये ओली माती, जुनं चामडं आणि तंबाखू यांचा मंद गंध जाणवतो.” मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मित्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “म्हणजे आमच्या आबांच्या वहाणांसारखी.”

हा मित्र फुलं आणि भाजी पिकवणाऱ्या घरातला. मखमलाबादच्या बाजूला त्यांची शेती आहे, अजूनही पहाटे त्यांची गाडी मार्केटला जाते. त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं माहेर सटाण्याचं. वहिनी वांगी भाजायला लागल्या की शेजारच्या दोन बंगल्यांतली माणसं काही ना काही निमित्त काढून कंपाउंडजवळ येतात. खापरावरचे मांडे त्या अशा सोडतात की बघणाऱ्यानं मध्ये श्वास घेऊ नये. अशा बाईला पुस्तकाची काय गरज? काहीच नाही, आणि म्हणूनच त्यांची सगळी पुस्तकं दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात असतात. स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश नाही. डाग पडतील. वहिनी ती दुपारी आडव्या होऊन वाचतात, जशी आमची आई पंचांग वाचायची, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते बघायला.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांच्या मुलीनं पुण्याला, नोकरीच्या ठिकाणी, एक मुलगा पसंत केला.

मुलगा चांगला. आई-वडील चांगले. घर ब्राह्मणांचं, पण हल्ली त्याचं कुणाला काही वाटत नाही असं सगळेच सगळ्यांना सांगत होते. फक्त मुलाच्या आजोबांनी ते सांगितलं नव्हतं. त्या घरात अजून आजोबांचा शब्द शेवटचा. ते नाही म्हणाले नव्हते आणि हो पण म्हणाले नव्हते. “मुलीच्या घरी एकदा जेवतो, मग काय ते सांगतो,” एवढंच म्हणाले होते. त्या वाक्यानं वहिनींची झोप उडवली.

“आमच्याकडे कांदा-लसणाशिवाय फोडणी बसत नाही,” वहिनी म्हणाल्या. “तिखट असं, की पाहुणे जेवताना रडतात. त्या म्हाताऱ्या माणसाला वाटायचं, कुठल्या घरात नातू चाललाय.”

“वहिनी, भरीत करा. म्हातारा तुम्हालाच दत्तक घेईल.”

“तुमचं काय जातंय भाऊजी बोलायला? पोरगी माझी आहे. तिला उद्या त्या घरात मान वर करून वावरता आलं पाहिजे. त्यांच्याच पद्धतीचं, अगदी त्यांच्याच घरातल्यासारखं जेवण झालं पाहिजे. एक बोट दाखवायला जागा नको.”

यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मी हसलोही नाही. मी हसलो ते पुढच्या रविवारी, जेव्हा वहिनींनी कपाटातून नवंकोरं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

नाशिकच्या जुन्या घरांतल्या जेवणावरचं पुस्तक. लेखिका पुण्याची. कव्हरवर केळीचं पान, भरगच्च वाढलेलं. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. आणि खरं सांगतो, आयुष्यात एवढा निर्भेळ आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

कारण ते श्राद्धाचं पान होतं.

आमचं घर पंचवटीतलं. पिढ्यानपिढ्या यात्रेकरूंची धार्मिक कामं करणारं. मी विम्याच्या कचेरीत गेलो, पण माझा चुलतभाऊ अजून तेच करतो आणि बाहेरगावचे लोक त्याच्याकडे श्राद्धं करून, त्याच्याच ओसरीवर जेवून जातात. ते पान मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, कारलं, लाल भोपळा आणि कोपऱ्यात आमसुलाची चटणी. बरं, पदार्थांचं एक वेळ सोडा. पानाभोवती रांगोळी नव्हती, भस्माची रेघ होती. पानाशेजारी दर्भाचं पवित्रक पडलं होतं. आणि खालची फरशी, तिचा तो उडालेला टवका, माझ्या चुलतभावाच्या ओसरीवरचा होता. तो टवका पाडला तेव्हा मी तिथे हजर होतो.

आत लिहिलं होतं: “नाशिकमध्ये पंधरवडाभर चालणारा हा पारंपरिक खाद्यसोहळा. या दिवसांत घरोघरी मागच्या पिढ्यांची आठवण काढत एकत्र भोजन केलं जातं.” यातला एकही शब्द खोटा नाही, हेच त्या बाईचं कौशल्य. पुढे भस्माच्या रेघेबद्दल होतं: “रंगांचा मोह टाळणारी संयत सौंदर्यदृष्टी.” आणि पवित्रकाबद्दल तर मी टाळ्याच वाजवल्या. “हातानं वळलेली गवताची अंगठी. हिच्यात नॅपकिन गुंडाळून ठेवल्यास पंगतीची शोभा वाढते.”

“वहिनी,” मी म्हणालो, “हे श्राद्धाचं पान आहे.”

“झालं तुमचं सुरू!”

“देवाशपथ.”

“तुमच्या शपथा मला माहितीयत. मागे देवाशपथ म्हणालात की चांगल्या वाईनमध्ये लसणाची पाकळी टाकतात, आणि मी ते चार बायकांत विचारून बसले!”

“अहो, ते वेगळं. हे खरंच...”

“मिसळीच्या पुस्तकाला तुम्ही जुलाबाचं औषध म्हणालात. वाईनच्या पुस्तकाला वहाणांचं दुकान म्हणालात. आता हे एक चांगलं निघालं तर त्याला श्राद्ध घाला.”

“खीर आणि वडे पाहून तुम्हाला काहीच आठवत नाही? तुमच्याकडे पित्राला काय करता?”

“करतो की खीर, वडे. म्हणून काय दिवाळीत खीर करत नाही? आणि ही बाई त्यांच्यातलीच आहे, पुण्याची. तिला नाही कळत आणि तुम्हाला तेवढं कळतं!”

“अरे,” मित्र कळवळून म्हणाला, “एकदा तरी एखाद्या पुस्तकाला बरं म्हण.”

मी तिथल्या तिथे चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून वहिनींच्या हातात दिला. तो बिचारा खरं तेच बोलला. “हो वहिनी, ती गॉगलवाली बाई आली होती पितृपक्षात. काय चाललंय विचारत होती. मी घाईत होतो. म्हटलं पक्ष चालू आहे, पंधरा दिवस हेच.” इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यानं विचारलं, “का हो? त्याचं काय झालं?” वहिनींनी पुस्तकातलं नॅपकिनचं वाक्य वाचून दाखवलं, आणि तो गाढव फोनवर खदखदून हसला. त्या हसण्यानं घात केला.

“दोघंही एकाच माळेचे मणी,” असं म्हणून वहिनींनी फोन माझ्या हातात ठेवला.

तेव्हा मी कळवू इच्छितो की ज्या माणसानं आयुष्यभर पुस्तकांची खोटीनाटी टिंगल केली, त्याला एक पुस्तक खरोखर चुकलेलं सापडलं, आणि जगात त्याचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. (मुलगी आणि जावई सध्या बाणेरला सुखात आहेत. म्हणून तर मी हे एवढ्या चवीनं लिहू शकतो.)

पाहुणे जेवायला यायचे होते त्या रविवारी दुपारी मी मुद्दाम लवकर गेलो. म्हटलं, निदान रेघ तरी पुसता येईल. दिवाणखान्यातलं फर्निचर हलवून खाली पाट मांडले होते. पानं मांडली होती. प्रत्येक पानाभोवती करड्या भस्माची अशी सुबक, गोल, सारखी रेघ की माझ्या चुलतभावानं पाहिली असती तर वहिनींना कामावर ठेवून घेतलं असतं. आणि प्रत्येक पानाशेजारी गुलाबी नॅपकिन, दर्भाच्या पवित्रकात गुंडाळलेला.

“ही पवित्रकं आणली कुठून?”

“पूजेच्या सामानाच्या दुकानातून. एवढी कशाला लागतात म्हणाला. म्हटलं, घरचं कार्य आहे. बिचारा एकदम गप्प झाला, आणि वर तीळ फुकट दिले.”

“वहिनी, अजून वेळ आहे. एवढं भस्म पुसून जरा कुंकवाची बोटं...”

“भाऊजी, पाट ओलांडून या बाजूला आलात तर लाटणं घेऊन येईन.”

येवल्याची पैठणी नेसून, हातात झारा घेऊन उभ्या होत्या. डोळे लाल झाले होते, बहुतेक पहाटेपासूनच्या धुरानं. घरातल्या घरात कांदा कापायलासुद्धा त्यांनी दोन दिवस बंदी घातली होती. आणि ते पुस्तक, कव्हर पाहुण्यांना नीट दिसेल अशा बेतानं, टीपॉयवर उभं करून ठेवलेलं होतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आई-वडील, आजी आणि आजोबा. नमस्कार-चमत्कार झाले, गार पाणी झालं आणि मंडळी पानांकडे वळली.

मुलाच्या आईनं पान पाहिलं आणि ती पाऊल उचललेलं तसंच ठेवून थांबली. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं डोळे मिटले, ओठ हलले, पुन्हा डोळे उघडले. पान तिथेच होतं. मग त्या दोघींनी जे केलं त्याला मी आजही मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घालतो. सून म्हणाली, “रांगोळी किती... साधी आणि छान काढलीय.” आणि सासू म्हणाली, “हो ना. हल्ली सगळीकडे रंगच रंग.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. एवढा विजय मी कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेला नाही.

मुलाचे वडील पाटावर बसले. नॅपकिन काढून मांडीवर घेतला, आणि हातात उरलेलं पवित्रक निव्वळ सवयीनं अनामिकेत घातलं. बायकोनं कोपर मारलं. त्यांनी ते घाईघाईनं काढून खिशात टाकलं. मुलाला काहीच कळलं नव्हतं. त्या पिढीचे सगळे विधी कंत्राटानं होतात. तो आनंदानं वडे खात होता आणि आमच्या मुलीला खुणेनंच, मस्त आहेत, असं सांगत होता.

आजोबा मात्र उभेच होते. उंच, काठीसारखे सरळ, ऐकायला थोडे कमी. त्यांनी पान पाहिलं, भस्म पाहिलं, दर्भ पाहिला. चेहरा एकदम गंभीर झाला. पानाला हात जोडले. मग वळून त्यांनी माझ्या मित्राचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही न बोलता बराच वेळ तसाच धरून ठेवला. मित्राला वाटलं, सोयरीक जमली. त्याचे डोळे भरून आले. ते भरून आलेले डोळे पाहून आजोबांनी आणखी एकदा हात दाबला.

मी कारल्याची मोठी फोड तोंडात कोंबली. दुसरा इलाज नव्हता.

जेवण मात्र, सांगायला हरकत नाही, उत्कृष्ट झालं होतं. वहिनींचा हात हा वहिनींचा हात. पुस्तकात वडा कसा तळायचा याऐवजी तो पाहून लेखिकेला काय वाटलं ते लिहिलं होतं, त्यामुळे तळण्याचं काम वहिनींनी स्वतःच्या अकलेनं केलं होतं आणि तो त्या पुस्तकाचा एकमेव फायदा. आजोबांनी कढी मागून घेतली. वडे मागून घेतले. खीर वाटीला तोंड लावून प्यायले. एक शब्द बोलले नाहीत. श्राद्धाच्या पानावर बसून बडबड करू नये आणि स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत, वाखाणूही नये, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. वहिनी दाराआडून ते मौन बघत होत्या आणि प्रत्येक घासागणिक पांढऱ्या पडत होत्या.

आजी माझ्या शेजारी होत्या. त्या सुनेकडे कलून हळूच म्हणाल्या, “अगं, हे बोलायच्या आत उठू या. गाडी काढायला सांग त्याला.”

“आई, अजून ताक-भात व्हायचाय.”

“ताक घरी पिऊ.”

पण वहिनींना आता धीर निघेना. त्या पदर सावरत थेट आजोबांच्या पानासमोर आल्या, हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, “आजोबा, काही बोलला नाहीत. काही चुकलं का माझं?”

मुलाच्या वडिलांना एकदम ठसका लागला. सून पाणी मागायला लागली. पेला भरलेला समोर होता. आजी म्हणाल्या, “छे छे, अगदी उत्तम, आता आम्ही निघतो.” मित्राची मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिनं दोन्ही मुठी आवळल्या होत्या. माझं हसू तेवढ्यापुरतं कुठे गेलं, कुणास ठाऊक.

आजोबांनी हात वर केला.

“चुकलं?” ते म्हणाले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा, शेजारच्या बंगल्यात जाणारा आवाज. “ताई, मला एकच शंका होती, ती आज तुमच्या दारात फिटली. वाटत होतं, आमच्या घरच्या रीतीभातींचं काही या मुलीच्या कानावर तरी गेलं असेल का. आणि इथे बघतो तर घरात एवढं कार्य असून तुम्ही आमचं बोलावणं मोडलं नाहीत. सगळं कसं यथासांग. भस्म, दर्भ, आमसुलाची चटणीसुद्धा विसरला नाहीत. आमच्याच घरात हल्ली कुणी करत नाही हे!” इथे त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि सुनेनं पानाकडे. “अशा घरातली मुलगी मिळते आहे, माझी काही हरकत नाही. या पौर्णिमेनंतर मुहूर्त काढा.”

वहिनींचे हात जोडलेलेच राहिले. तोंडावर आनंद आला होता आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी हळूहळू वर येत होतं. त्यांनी एकदा टीपॉयवरच्या पुस्तकाकडे पाहिलं, एकदा भस्माच्या रेघेकडे, आणि मग फार सावकाश माझ्याकडे. मी छताकडे बघायला लागलो.

आजोबा मित्राच्या खांद्याचा आधार घेऊन हात धुवायला उठले. दोन पावलं गेल्यावर थांबले, काहीतरी राहून गेल्यासारखे मागे वळले, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा काळजीच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“पण कावळा शिवला ना?”